बैल डोंगरावर, बिघाड खापरला

नंदुरबारला जाऊन आले म्हटलं की पुण्यात दोन प्रश्न येतात. "तोरणमाळ केलंत का?" आणि "मिरची आणलीत का?" मी दोन्ही केलं नाही. मी एका बैलाची चाल बघायला गेले होते. हे सांगितल्यावर तिसरा प्रश्न सहसा येत नाही. लोक विषय बदलतात.

माझं काम काय ते मला घरातसुद्धा नीट सांगता आलेलं नाही. आई शेजारीपाजारी "ती व्हिडिओचं करते" असं सांगते, त्यामुळे सोसायटीतल्या दोन मुंजींची आमंत्रणं मला 'कॅमेरा घेऊनच या' अशा प्रेमळ सूचनेसह आली होती. खरं काम असं: फोनवरून व्हिडिओ जातो तो अखंड जात नाही, बारीक बारीक तुकडे करून जातो. पाठवणाऱ्या फोनला पुढची वाट किती रुंद आहे ते ठाऊक नसतं. तो भसाभसा पाठवत सुटतो, मध्येच कुठेतरी तुंबतं, आणि बघणाऱ्याच्या पडद्यावरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो. यावर एक उपाय म्हणजे सगळी अक्कल घेणाऱ्या फोनात ठेवायची. येणारे तुकडे किती अंतराने येताहेत यावर त्याने नजर ठेवायची, अंतर वाढायला लागलं की तुंबायच्या आधीच पाठवणाऱ्याला कळवायचं, "बाबा रे, जरा कमी." मोकळं झालं की, "आता थोडं वाढव." हे कळवण्याचं काम करणारा प्रोग्राम मी लिहिला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. होता, असं आता म्हणते.

एका संस्थेने सातपुड्यातल्या पाड्यांवर पशुसखी नेमल्या होत्या, म्हणजे गुराढोरांचं साधं औषधपाणी शिकलेल्या त्या त्या गावातल्याच बायका. पशुवैद्य डॉक्टर पाटील तळोद्याला बसणार, पशुसखी डोंगरावरून आजारी जनावर फोनवर दाखवणार, आणि मध्ये माझा प्रोग्राम. तीन आठवडे झाले आणि डॉक्टरांचा मला फोन आला.

"म्याडम, तुमच्या व्हिडिओत डोंगरावरचं झाडून सगळं लंगडतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे गाय लंगडते, शेळी लंगडते. काल कोंबडी दाखवली, तीपण लंगडत होती. तुम्ही एकदा येऊनच जा."

शहादा

पहिला मुक्काम डॉक्टरांच्या घरी, शहाद्याजवळच्या त्यांच्या गावात. मे महिना होता. केळीच्या बागा सोडल्या तर बाकी सगळी काळी जमीन उघडी पडून तापत होती. एसटी स्टँडवर उतरले तेव्हा ऊन इतकं होतं की आपली सावलीसुद्धा आपल्या पायाखाली शिरून बसली आहे असं वाटावं. डॉक्टर मोटरसायकल घेऊन आले होते. चाळिशीचे, रुंद खांद्यांचे, आणि शर्टाच्या खिशात थर्मामीटर. तो गुरांचा असतो आणि कुठे घालतात हे मला नंतर कळलं. तोवर मी त्यांच्याकडून पेन समजून तो मागून घेतला होता.

घरी त्यांच्या आईने, सगळ्यांच्या मायने, ताबा घेतला. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती, पण त्या घरात ती अजून संपली नव्हती. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. ही पोळी आपल्यासारखी पोळपाटावर लाटत नाहीत, हातावर फिरवत फिरवत मोठी करतात आणि उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. एक पोळी म्हणजे घडी घातलेला हातरुमाल नव्हे, घडी घातलेली चादर.

"ले व माय," दुसरी पोळी ताटात टाकत माय म्हणाल्या.

"पोट भरलं हो."

"इतलासामा पोट भरनं? पुनाले काय खातस मंग तुम्ही?"

आमच्याकडे नको म्हटलं की वाढणारी पुढे जाते. इथे नको हा शब्द 'थोडं थांबून वाढा' अशा अर्थाने घेतात. मी ताटावर हात आडवा धरला. मायने बोटांच्या फटीतून रस सोडला.

"म्याडम, तुम्ही हात उशिरा धरता," डॉक्टर जेवता जेवता म्हणाले. "ताट भरल्यावर धरून काय उपयोग? ती उठली की लगेच धरायचा."

नेमकं हेच मी एका परिषदेत चाळीस पानं दाखवून सांगितलं होतं. मी हसले आणि तिसरी पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. डॉक्टर तळोद्याला दवाखान्यात थांबणार आणि मी डोंगरावर जाणार, हे मीच ठरवलं होतं. सिग्नल डोंगरावर वाईट, म्हणजे दुखणं डोंगरावरच असणार. इतका साधा विचार चुकू शकतो हे माझ्या मनातही आलं नाही.

मोहपाडा

तळोद्याहून जीप सलीमभाईंची. सलीमभाई तळोद्याचेच, वडील बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवत असत, हे जीप चालवतात. डोंगरातल्या प्रत्येक पाड्यावर त्यांची कुणी ना कुणी मानलेली बहीण होती आणि प्रत्येक बहिणीकडे थांबून पाणी प्यायचा त्यांचा नेम होता. खापर नावाचं गाव मागे पडलं आणि माझ्या फोनवर गुजराती भाषेत स्वागताचा संदेश आला.

"आपण गुजरातमध्ये आलो?"

"नहीं मॅडम, फोन गया. आपण इथंच आहे."

रस्ता संपला तेव्हा मी विचारलं, आता? सलीमभाई म्हणाले, "आता आदत." आणि जीप नाल्यात घातली.

मोहपाडा म्हणजे उतारावर लांब लांब विखुरलेली पंचवीस-तीस घरं. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात. शेजाऱ्याशी बोलायचं तर हाक मारायची नाही, आरोळी ठोकायची. खडकांवर जिथे तिथे कैरीच्या फोडी वाळत टाकलेल्या, आमचुरासाठी. सगळा डोंगर आंबट वासाने भरलेला. आल्या आल्या तोंडाला पाणी सुटलं ते परत निघेपर्यंत सुटतच राहिलं.

रंजना वसावे ही इथली पशुसखी. तिशीची, किडकिडीत, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. तिने मला आधी पाणी दिलं, मग सरळ मुद्द्यावर आली.

"बरं झालं आजच आलात. आज फार महत्त्वाचं आहे. जात्र्याकाकांचा बैल."

जात्र्याकाका तिचे चुलत सासरे. त्यांची एकच बैलजोडी, आणि जोडीतला तांबडा बैल आठ दिवस पुढचा डावा पाय जपत होता. खांदा थोडा सुजला होता. पेरणी तोंडावर आलेली. अर्ध्या पाड्याचं म्हणणं खांदा भरलाय, आणि खांदा भरला तर इथे डाग देतात: विळा लाल होईपर्यंत तापवून खांद्यावर टेकवायचा. डाग देणारे रायसिंगबाबा पलीकडच्या पाड्यावरून येणार होते. सूर्य डोंगराला टेकायच्या आत डाग द्यायचा, असं ठरलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी रंजनाला विचारलं.

"मला खूर वाटतोय. मी दोनदा पाहिला, वरून काही दिसत नाही. पण तो पाय टेकताना दुखतोय. काका म्हणतात, उचलताना दुखतोय. डॉक्टर सर म्हणतात, टेकताना दुखत असेल तर खाली खुरात शोधा, उचलताना दुखत असेल तर वर खांद्यात. म्हणून त्यांनी चाल बघायची आहे. पण बघणार कशी?"

जात्र्याकाका बाजूलाच उकिडवे बसले होते. साठीचे, डोक्याला पांढरं फडकं, बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी हळूहळू चोळत होते. ते त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, डाग द्यायला त्यांनापण आवडत नाही. मागच्या बैलाला दिला होता तेव्हा तो तीन महिने काकांच्या जवळ येत नव्हता."

सिग्नल पाड्यात एकाच जागी येत असे, टेकाडावरच्या एका सपाट खडकाजवळ. तिथवर बैल चढवला. बिचारा दर चार पावलांनी थांबायचा, आणि आम्हीही. मी एका दगडावर लॅपटॉप उघडून आकड्यांच्या रेघा लावल्या. रंजनाने फोन धरला, तळोद्याहून डॉक्टरांचा चेहरा आला आणि कामाला सुरुवात झाली.

"चालवा," डॉक्टर म्हणाले. काकांनी बैल चालवला.

"थांबला का?"

"नाही सर, चालतोय."

"मला थांबलेला दिसतोय. चित्र फार सुंदर आहे, कानातली गोचीडसुद्धा दिसतेय. पण हलत नाही. हां, हलला. अरे, हा तर पाच फूट पुढे गेला! उडी मारली का?"

"नाही सर."

"रंजनाताई, तुम्ही जरा स्वतः चालून दाखवा."

रंजना फोन माझ्या हातात देऊन चालली.

"तुम्हीपण लंगडताय."

"सर, मी लंगडत नाही."

"मला माहीत आहे हो. पण दिसतंय असं की डावा पाय गेला."

काकांनी काय झालं ते विचारलं. रंजनाने सांगितलं. काका पहिल्यांदाच हसले आणि तिच्या पायाकडे बघून काहीतरी बोलले, ज्याचा तिने अनुवाद केला नाही.

माझ्या पडद्यावर मात्र सगळं लख्ख दिसत होतं, आणि ते बघून माझे कान गरम झाले. वाट मोकळी दिसली की माझा प्रोग्राम अधाशासारखा दुप्पट मागत होता. दुप्पट आलं की तुंबत होतं. तुंबलं की तो घाबरून एकदम थांबवत होता. थांबवलं की पुन्हा मोकळं, पुन्हा दुप्पट. बरोबर दोन-अडीच सेकंदांचा झोका. बैल दुखऱ्या पायावर भार टाकायचा तेव्हा चित्र थिजायचं आणि सुटायचं ते थेट पुढच्या पावलावर. आठ दिवसांचं दुखणं ज्या क्षणी दिसायचं, तेवढाच क्षण माझा प्रोग्राम गिळत होता. ऑफिसात आम्ही खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसावर चाचणी घेतली होती. माणूस बोलताना थिजला तर तो विचार करतोय असं वाटतं. बैलाला ती सवलत नाही.

उपाय सोपा होता. एकदम दुप्पट मागायचं नाही, चिमूट चिमूट वाढवायचं. अंतर वाढायला लागताच थोडंसं उतरवायचं, थांबवायचं नाही. चित्र गढूळ झालं तरी चालेल, चाल तुटता कामा नये. पाच ओळी बदलायच्या होत्या.

"झालं," मी रंजनाला म्हटलं, "दहा मिनिटांत करते. फोन द्या."

तिने फोन दिला. मी तार जोडली आणि मग तशीच बसून राहिले.

"काय झालं म्याडम?"

काय झालं ते सांगायची लाज वाटली. डोंगरावरचे फोन जुने, स्वस्त, म्हणून त्यांच्यावर काही भार टाकायचा नाही, ते फक्त हुकूम पाळतील, सगळी अक्कल घेणाऱ्या फोनात ठेवायची, हे मीच ठरवलं होतं. घेणारा फोन डॉक्टरांच्या खिशात होता, तळोद्याला. लॅपटॉप, तारा, यंत्रं, सलीमभाईंची आदत, सगळं घेऊन मी डोंगर चढून बरोबर चुकीच्या टोकाला येऊन बसले होते.

"म्हणजे दुखणं इथे नाहीच?" रंजनाने विचारलं.

"नाही. डॉक्टरांच्या फोनात आहे."

तिने हे काकांना सांगितलं. काकांनी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग नव्हता. शहरातून माणूस येतो तेव्हा असंच होतं, याची जुनी ओळख होती.

दुसरे मार्ग आम्ही करून पाहिले. रंजनाने बैलाची चाल टिपून पाठवली. ती फाईल अर्ध्यावर जाऊन गोल गोल फिरत बसली. प्रोग्राम बदलून डॉक्टरांना पाठवता येईल का म्हणून मी आधी जुनाच पाठवून पाहिला. तोही त्याच वाटेने जाणार, तोही अडकला. शेवटी मी उठले.

"सलीमभाई, तळोदा."

"आत्ता तर आलो. अजून दोन बहिणी बाकी आहेत."

"रंजना, बाबा आले तर त्यांना थांबवाल?"

"थांबवीन. पण सूर्याला कोण थांबवणार?" ती म्हणाली, आणि सरळ बैलाच्या खुरांवर पाणी ओतायला गेली.

खापर

उतरताना जिथे सिग्नल आला तिथून डॉक्टरांना फोन लावला. ते तळोद्यात नव्हतेच. खापरला एका म्हशीचं पारडू आडवं आलं होतं, तिकडे धावले होते. आम्हाला ते बरंच झालं, अंतर निम्मं वाचलं. फक्त म्हशीचं बरं होतं की नाही ते ठाऊक नव्हतं.

गोठा शोधायला वेळ लागला नाही. सगळं गाव तिथेच उभं होतं. आत डॉक्टर उघड्या अंगाने, उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत घालून, डोळे मिटून काहीतरी चाचपत होते. म्हशीचा मालक तिचं तोंड धरून तिच्याशी अहिराणीत समजुतीचं बोलत होता. "जराशी दम धर व माय, डॉक्टर करी ऱ्हायना."

"डॉक्टर, मला तुमचा फोन हवाय," मी दारातूनच म्हटलं.

"आत्ता?"

"सूर्य उतरतोय."

डॉक्टरांनी डोळे न उघडता सांगितलं, "पँटच्या डाव्या खिशात. काढा."

मी पुढे गेले आणि थांबले. चाळीस माणसं बघत होती. सलीमभाई पुढे सरसावले, "हटो मॅडम," म्हणाले आणि डॉक्टरांच्या खिशात हात घालून फोन काढून माझ्या हातात ठेवला.

"कुलूप आहे," मी म्हटलं.

"चार वेळा एक!" डॉक्टर ओरडले.

गोठ्याबाहेरच्या गर्दीतून हसण्याची लाट गेली. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरना कुलूपले दारच नही शे!"

सरकीच्या पोत्यावर बसून मी लॅपटॉप उघडला. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला चाळीस प्रेक्षक, डोक्यावर पत्रा आणि पत्र्यावर मे महिना. ओळी पाच होत्या. पहिल्या तीन बोटांनी आपोआप लिहिल्या. चौथीला अडखळले, कारण तीत ठरवायचं होतं की चित्र किती गढूळ झालेलं चालेल. ऑफिसात या आकड्यावर आमची तीन महिने भांडणं झाली होती आणि मी दरवेळी लखलखीत चित्राच्या बाजूने भांडले होते.

"डॉक्टर, किती अंधुक चालेल?"

"काय?"

"बैल. किती अंधुक दिसला तर चालेल?"

डॉक्टर कण्हल्यासारखे बोलले, कारण तेव्हा म्हशीने जोर केला होता. "मला त्याचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, म्याडम! चार पाय वेगवेगळे दिसले तरी पुरे!"

मी तो आकडा मी आजवर कधी लिहिला नव्हता इतका खाली नेला. पाचवी ओळ लिहिली, तार जोडली, फोनात प्रोग्राम चढायला लागला. तेवढ्यात डॉक्टरांनी "आलं, आलं, पाय सापडला" म्हणत मालकाला हाताशी घेतलं, दोघांनी मिळून ओढलं, आणि एक लांबच लांब काळं ओलं पारडू गवतावर येऊन पडलं. गर्दीने श्वास सोडला. पारडू शिंकलं. म्हशीने मान वळवून त्याला चाटायला घेतलं आणि डॉक्टर बादलीत हात घालून खाली बसले.

"मादी शे," मालक म्हणाला आणि डोळे पुसले.

रंजनाला फोन लागला. पलीकडे ऊन पिवळं पडलं होतं. खडकाजवळ तीन दगडांमध्ये जाळ दिसत होता, आणि जाळाच्या पलीकडे एक उंच म्हातारा माणूस शांतपणे बसला होता. मांडीवर विळा. रायसिंगबाबा.

"अजून दिला नाही," रंजना म्हणाली. "बाबांनी विळा जाळात घातला नाही. मी सांगितलं, डॉक्टर बघतायत. बाबा म्हणाले, बघू देत, सूर्य आहे अजून बोटभर."

"चालवा," डॉक्टर म्हणाले.

फोन मी त्यांच्यासमोर धरला होता, त्यांचे हात ओले होते. आमच्या खांद्यांवरून मालक, सलीमभाई आणि निम्मं खापर वाकून बघत होतं. चित्र अगदी वाईट होतं. आमरसात पडल्यासारखं. बैल म्हणजे एक तांबडा ढग, काका म्हणजे त्याच्या पुढे एक पांढरा ठिपका. माझ्या हाताखालच्या कुणी असलं चित्र मला दाखवलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

पण ढग चालत होता. एक पाऊल, दुसरं, तिसरं. थांबला नाही, उडी मारली नाही. डॉक्टर पुढे झुकले.

"पुन्हा. उतारावरून खाली आणा. हां. आता दगडांवरून."

मागची गर्दी आणखी पुढे वाकली.

"डावा पुढचा," डॉक्टर हळू म्हणाले. "उचलताना सरळ येतोय बघा. टेकला की डोकं वर फेकतो. टेकला... आणि वर. टेकला... आणि वर." आणि एकदम मोठ्याने, "रंजनाताई, तुमचं बरोबर! खांदा नाही! खूर! दोन नख्यांच्या मध्ये, मागच्या अंगाला, आत खोल दाबून बघा!"

पलीकडे तांबडा ढग आडवा पाडला गेला. पाच-सहा ठिपके त्याच्याभोवती जमले. रंजनाचा आवाज आला, "सर, दाबलं की पाय झटकतोय. एक काळा ठिपका आहे. पण काही धरायला येत नाही, आत मोडलंय."

मग तो उंच ठिपका जाळाजवळून उठला. रायसिंगबाबा आले, बसले, बैलाचा पाय आपल्या मांडीवर घेतला. काय करतायत ते आम्हाला दिसत नव्हतं. रंजना सांगत होती. "बाबांनी विळ्याचं टोक लावलंय. गरम नाही सर, थंडच. कड खरवडतायत... पू आला... सर, फार आला... बाबा म्हणतात धरा घट्ट..."

नंतर फक्त गलका ऐकू आला. आणि रंजना ओरडली, "निघाला!"

तिने तळहात फोनसमोर धरला.

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काटा, सर! बाभळीचा, बोटाच्या पेराएवढा!"

आम्ही सगळे वाकलो. तळहात एक तपकिरी डाग होता आणि त्याच्यावर काहीही नव्हतं.

"दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो सर, हा काय!"

"दिसत नाही हो," मी कबूल केलं. "तो माझ्यामुळे दिसत नाहीये."

"नसू दे," रंजना म्हणाली. "आम्हाला दिसतोय."

डॉक्टरांनी धुवायचं कशाने, बांधायचं कसं, धनुर्वाताचं इंजेक्शन सकाळी कुणाबरोबर पाठवतो, पाय जपून चालल्याने आलेली खांद्याची सूज आपोआप उतरेल, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "रायसिंगबाबांना विचारा, डागाचं काय?"

थोडा वेळ पलीकडे बोलणं झालं. रंजना हसत फोनवर आली. "बाबा म्हणतात, मी मघाशीच म्हटलं होतं, आधी खूर बघा."

"म्हटलं होतं का?"

"नाही सर. पण आता म्हटलंय, तर म्हणू देत."

त्या संध्याकाळी म्हशीच्या मालकाने आम्हाला उठूच दिलं नाही. शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर. शेवभाजीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि मालकाच्या बायकोला वाटलं मी पारडाच्या आनंदाने रडतेय. तिने मला जवळ घेतलं. मी खुलासा केला नाही.

पुणे

ऑफिसात मी तो आकडा सगळ्यांना दाखवला. माझा तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, हे चित्र आपण ग्राहकाला दाखवू शकत नाही." मी म्हटलं, बैल दाखवू शकतो. तो माझ्याकडे काळजीने बघत राहिला. शेवटी ते तसंच ठेवलं, कारण डॉक्टरांनी लेखी कळवलं की आता कोंबड्या लंगडत नाहीत.

रंजनाचा फोन जूनच्या अखेरीला आला, व्हिडिओवर, दुपारी, मी जेवायच्या डब्यावर वाकलेली असताना.

"म्याडम, वेळ आहे का? काका म्हणतात, तुम्हाला दाखव."

मी सवयीने लॅपटॉप ओढला, आकड्यांच्या रेघा लावायला. मग मिटून ठेवला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला.

हिरवट काहीतरी होतं, त्यात काळा पट्टा, आणि पट्ट्यावरून दोन ढग चालले होते, एक तांबडा, एक पांढरा. त्यांच्यामागे काकांचा फडक्याचा ठिपका, नांगरावर वाकलेला.

"तांबडा ओळखता का?" रंजनाने विचारलं.

"ओळखला."

"लंगडतोय का सांगा."

मी पाहिलं. डावा पाय टेकला. डोकं जिथे होतं तिथेच होतं. पुन्हा टेकला. मी पाच-सहा पावलं मोजली, मग मोजायचं विसरले.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघा."

"नाही लंगडत."

तिने ते ओरडून काकांना सांगितलं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, बैलांना काहीतरी बोलले, आणि जोडी शेताच्या पलीकडच्या टोकाकडे चालत राहिली, लहान होत होत, मातीच्या रंगात मिसळत. शेवटी बैल कुठला आणि ढेकूळ कुठलं ते कळेना. नुसतं काहीतरी तांबडं, सावकाश, न अडखळता चाललेलं. डब्यातली पोळी गार झाली होती. जोडी नांगराच्या तासाच्या शेवटी वळेपर्यंत मी थांबले, आणि वळल्यावरही फोन बंद केला नाही.